एलबीटी, वालधुनी आणि आमदारकी

श्रोतेहो, आजचा इतिहास फार जुना नाही. तुमच्यापैकी निम्म्या मंडळींनी त्यात मतदान केलेलं असेल. विधानसभेचा उमेदवार धंद्यापाण्याबद्दल, करांबद्दल, कारखान्यांबद्दल जी भूमिका घेतो ती कुठून येते, एवढाच आमचा प्रश्न आहे. त्यासाठी आम्ही कल्याणच्या पुढची, कर्जतकडे जाणाऱ्या लोकलवरची तीन शहरं घेतली: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. गाडीने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण तिन्हींची अर्थव्यवस्था तीन तऱ्हांची.

उल्हासनगर म्हणजे लष्कराची रिकामी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत जागा मिळाली आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळालं. लोक आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. शेती नाही, वतन नाही, म्हणून घरातच धंदा सुरू झाला. पापड, मिठाई, फर्निचर, पुढे जीन्स. 'मेड इन यूएसए'चा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण त्यामागे भांडवलाशिवाय उभं राहिलेलं एक अख्खं शहर आहे, हे विनोद सांगणारे विसरतात. अंबरनाथ त्याच्या आधीपासून कारखान्यांचं: धरमसी मोरारजींचं रसायन, विम्कोची काडेपेटी, नंतर ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसी. बदलापूर मुख्यत्वे चाकरमान्यांचं, मुंबईत घर परवडत नाही म्हणून वाढलेलं.

आता कारभार बघा. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ साली कल्याण महापालिकेत घातले गेले, १९९२मध्ये बाहेर काढून त्यांच्या वेगळ्या नगरपालिका झाल्या. उल्हासनगरची महापालिका झाली १९९६ला. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

नगरपालिकांमधली जकात १९९९ साली गेली, महापालिकांमधली राहिली. मग जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१३च्या एप्रिलनंतर मुंबई सोडून सगळ्या महापालिकांत तो होता. नाक्यावर ट्रक थांबणं बंद झालं खरं, पण व्यापाऱ्याने शहरात आणलेल्या मालाचा हिशेब ठेवायचा, स्वतः कर भरायचा, वर अधिकाऱ्याला वह्या दाखवायच्या. उल्हासनगरात कापड एका गाळ्यात कापतात, दुसऱ्यात शिवतात, तिसरीकडे धुतात. अशा ठिकाणी वही दाखवणं म्हणजे काय, ते दुकानदारालाच विचारावं. राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळले. २०१४च्या विधानसभेला भाजपने एलबीटी रद्द करण्याचं आश्वासन दिलं. पण रुळाच्या त्याच बाजूला, दोन स्टेशनं पुढे, नगरपालिका असल्यामुळे हा करच नव्हता! एकाच पक्षाची एकच घोषणा: उल्हासनगरात ती पोटापाण्याची, बदलापुरात निव्वळ बातमी.

निकाल गमतीदार आहे. १५ ऑक्टोबर २०१४ला मतदान झालं. चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले. घोषणा ज्यांच्या सर्वाधिक फायद्याची, त्या उल्हासनगरात भाजपचे कुमार आयलानी राष्ट्रवादीच्या ज्योती कलानींकडून थोडक्यात हरले. अंबरनाथ शिवसेनेच्या बालाजी किणीकरांकडे राहिलं. बदलापूर ज्या मुरबाड मतदारसंघात येतं, तिथे किसन कथोरे भाजपकडून निवडून आले. आणि १ ऑगस्ट २०१५पासून पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी रद्द झालाच. म्हणजे उल्हासनगरने आमदार एका पक्षाचा दिला आणि सवलत दुसऱ्याकडून घेतली. आम्हाला यात मतदाराचा मूर्खपणा दिसत नाही. आमदार कशासाठी आणि सरकार कशासाठी, हे तो वेगळं मोजत असावा.

इथे आमच्या विषयातला एक माणूस आठवतो, एडमंड बर्क. १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना त्याने सांगितलं, मी तुमचा निरोप्या नाही, मी माझ्या विवेकाने मत देणार. चार वर्षांनी आयर्लंडच्या व्यापारावरचे निर्बंध सैल करायला त्याने पाठिंबा दिला. ब्रिस्टलचे व्यापारी चिडले. १७८०मध्ये त्याला तिथली निवडणूक सोडावी लागली. आपल्याकडच्या उमेदवाराने बर्क वाचलेला नसेल, पण त्याचं काय झालं हे त्याला न वाचताच ठाऊक असतं.

म्हणून वालधुनी. ही नदी अंबरनाथकडून निघते, उल्हासनगरातून वाहते आणि कल्याणला खाडीला मिळते. वर रसायनं, खाली जीन्स धुलाईचं निळं पाणी. मतदारसंघांच्या रेषा तिला तोडत जातात. उल्हासनगर महापालिकेचेही काही भाग अंबरनाथ आणि कल्याण पूर्व मतदारसंघांत आहेत. वरच्याने कारखाने आवरावेत तर त्याचे मतदार बेकार, फायदा खालच्याला. खालच्याने धुलाई बंद म्हणावं तर त्याचेच शिलाईवाले उपाशी. आम्ही ऐकलेल्या सभांत नदी 'स्वच्छ करू' असं सगळे म्हणाले, कोणाचा नळ बंद करू हे कोणी म्हणालं नाही. मतदानाला दोन महिनेही झाले नव्हते, नोव्हेंबरच्या अखेरीस एका टँकरने वालधुनीत रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून रुग्णालयात गेली.

निर्णय शेवटी हरित लवाद आणि न्यायालयांतून आले. असंच आधीही झालं होतं. ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाचा, आणि विधिमंडळाने काय केलं, तर २००६चा नियमितीकरणाचा कायदा. दंड भरून कायदेशीर झालेल्या इमारती त्यातल्या मोजक्याच. वालधुनीकाठच्या धुलाईवाल्यांना तर असा कायदाही मिळाला नाही. अनेक कारखाने बंद पडले, काही आसपासच्या खेड्यांत सरकले, म्हणजे दुसऱ्या एखाद्या आमदाराच्या हद्दीत.