दोन याद्या

२१ मार्च २०२४ ला रात्री ऑफिसातून दिघ्याला घरी आलो आणि जेवायच्या आधी लॅपटॉप उघडला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर निवडणूक रोख्यांच्या याद्या पुन्हा आल्या होत्या. आठवड्यापूर्वी, १४ तारखेला, त्या एकदा आल्याच होत्या. एकीत रोखे कोणी घेतले ते, दुसरीत कोणत्या पक्षानं वटवले ते. दोन्हींत तारखा होत्या, रकमा होत्या, पण कोणाचा रोखा कोणाकडे गेला हे कळायला काही मार्ग नव्हता. या वेळी प्रत्येक ओळीत रोख्याचा क्रमांक होता. आमच्या धंद्यात याला जॉइन म्हणतात: दोन तक्ते, एक सामाईक रकाना. पीडीएफमधून आकडे सोडवायला काय तो वेळ गेला, जोडणी काही सेकंदांत झाली.

याच कामाला स्टेट बँकेनं सर्वोच्च न्यायालयाकडे ३० जूनपर्यंत मुदत मागितली होती. २२,२१७ रोखे, दोन बाजू, म्हणजे ४४,४३४ नोंदी, आणि त्या मुंबईच्या मुख्य शाखेत बंद पाकिटांत. (पाकिटं फोडायला वेळ लागतो, मान्य. पण तोवर लोकसभेची निवडणूक उरकली असती.) न्यायालयानं मुदत नाकारली.

मला मात्र त्या रात्री वेगळीच गोष्ट आठवत होती. असाच जॉइन मुंबई उच्च न्यायालयात १९८२ साली झाला होता, कागदावर, हातानं.

तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. आजोबा सांगायचे, घराच्या जोत्याला लागणाऱ्या चार गोणींसाठी परमिट काढायला ठाण्याला खेटे घालावे लागत. ज्याला शेकड्यांनी गोणी हव्यात त्या बिल्डरला तर मंत्रालयाशिवाय गत्यंतर नव्हतं. मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. त्यांनी १९८० मध्ये 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' काढलं. हेतू लेखक-कलावंतांना मदत करण्याचा. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये लिहिलं की या आणि अशा न्यासांकडे साखर कारखाने आणि बिल्डर पैसे ओततायत, आणि ते काही साहित्यप्रेमापोटी नाही. पी. बी. सामंत आदींची याचिका न्या. बख्तावर लेंटिन यांच्यापुढे चालली. एका बाजूला सिमेंट कोणाला किती मिळालं, दुसऱ्या बाजूला प्रतिष्ठानाला कोणी किती दिलं. दोन्ही कागद स्वतंत्रपणे निरुपद्रवी होते. सिमेंट वाटणं सरकारचं कामच, आणि देणगी देणं हा काही गुन्हा नव्हे. नावं आणि तारखा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा संबंध दिसला. जानेवारी १९८२ मध्ये निकाल लागला, अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढे त्यांच्यावरचा फौजदारी खटला वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत वर-खाली होत राहिला, पण शिक्षा झाली नाही.

पैसा असा न्यासांच्या आडवाटेनं का फिरत होता? एक कारण असं की १९६९ पासून कंपन्यांना पक्षांना देणग्या द्यायला बंदीच होती. आणि त्या बंदीच्या मागं पुन्हा मुंबई उच्च न्यायालयच आहे. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टीलला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात कलम घालायचं होतं. जयंतीलाल कोटिचा यांनी त्याला न्यायालयात आव्हान दिलं. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कंपनीला परवानगी दिली, कारण अडवणारा कायदाच नव्हता. पण देताना त्यांचा जीव खालीवर होत होता हे निकालपत्रात लपत नाही. पैशानं निर्णय होऊ लागले तर लोकशाहीचा झराच गढूळ होईल असं बजावून त्यांनी संसदेला यात लक्ष घालायला सांगितलं.

संसदेनं लक्ष घातलंही. १९६० मध्ये मर्यादा आली: २५,००० रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल ते. शिवाय रक्कम आणि पक्षाचं नाव नफा-तोटा पत्रकात दाखवणं सक्तीचं. मला हा नियम फार शहाणा वाटतो. देणारा आणि घेणारा एकाच ओळीत, जुळवायचा प्रश्नच नाही. मग १९६९ ची बंदी, १९८५ ला परत मुभा, २०१३ ला मर्यादा ७.५ टक्क्यांवर. आणि २०१७ च्या वित्त कायद्यानं मर्यादा उडवली, त्यासोबत पक्षाचं नाव दाखवायची सक्तीही. छागलांना नको असलेलं सगळं एका झटक्यात आलं. ते १५ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांनी रोख्यांसकट घटनाबाह्य ठरवलं. त्या निकालपत्रात छागलांचा इशारा सापडतो.

रोख्यांची विक्री मार्च २०१८ ला सुरू झाली. न्यायालयानं बँकेकडून तपशील मागवला तो मात्र १२ एप्रिल २०१९ पासूनचा. त्याआधीचा द्या, ही विनंती फेटाळली गेली. माझ्या तक्त्याची पहिली ओळही त्याच तारखेची आहे. मागच्या तेरा महिन्यांची पाकिटं अजून बंदच आहेत.