पनवेल बंदर आणि १८१८ ची पटकी

तीव्र जुलाब-उलट्यांचा पटकीसारखा विकार कोकणास १८१८ पूर्वी अपरिचित नव्हता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. युरोपीयांनी त्यास दिलेले ‘मोर्देशी’ हे नाव मराठी-कोंकणीतील ‘मोडशी’चाच अपभ्रंश होय, फ्रेंचांनी तर त्यातून ‘कुत्र्याचे मरण’ असा अर्थ काढला! १८१७ मध्ये बंगालमध्ये उद्भवलेली साथ मात्र तिच्या दूरवरच्या प्रवासामुळे वेगळी ठरली.

ऑगस्ट १८१८ मध्ये ही साथ देशावरून पनवेलला आणि तेथून अल्पावधीत मुंबईस पोहोचली. पुण्याहून येणारा रस्ता बोरघाट उतरून पनवेलच्या खाडीशी संपे. पुढील प्रवास होडीने होई. साथीचा मार्ग हाच होता. १८१९ चा मुंबईतील वैद्यकीय अहवाल त्यामुळेच रोग माणसाबरोबर फिरतो या मताकडे झुकलेला दिसतो. कलकत्त्यात १८२० मध्ये निघालेल्या जेम्सनच्या अहवालाने मात्र हवामानास दोष दिला आणि पुढे दीर्घकाळ याच विचाराचा पगडा राहिला. लंडनमध्ये जॉन स्नोने १८५४ च्या साथीचा संबंध पाण्याशी जोडला; रॉबर्ट कॉकला १८८४ मध्ये कलकत्त्यातील एका तलावाच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले.

उपचारांची कथा अधिक क्लेशदायक आहे. शरीरातील पाणी झपाट्याने आटत असताना रोग्याचे रक्त काढले जाई; कॅलोमेल हे पाऱ्याचे संयुग व अफूचा अर्क दिला जाई. जंतूंचे विष आतड्यातून पाणी बाहेर खेचते, हे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कलकत्त्यात दाखविले. साखरेच्या साहाय्याने आतडे मीठ व पाणी शोषून घेते, हेही पुढील दशकात स्पष्ट झाले. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेवाटे द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देण्याची व्यवस्था केली. नातेवाईकच ते रुग्णांस पाजीत. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले.

रायगडच्या किनाऱ्यास याचा आणखी एक संदर्भ आहे. पटकीचे जंतू खाड्यांच्या मचूळ पाण्यात सूक्ष्म प्लवकांच्या आश्रयाने तग धरू शकतात. केवळ रोगी शोधून त्यांचे समूळ उच्चाटन होत नाही. म्हणून क्लोरीनयुक्त पाणी, शौचालये व साबणाने हात धुणे यांवर गावात, तर रुग्णालयात त्याखेरीज मलमूत्राच्या निर्जंतुकीकरणावर भर द्यावा लागतो.