सोन्याचा चेंडू आणि सारिकाचा खो

फुटबॉल विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडूला ‘गोल्डन बॉल’ देतात. गंमत बघा, १९९८ ते २०१८ अशा सलग सहा स्पर्धांत तो कप न जिंकलेल्या संघातच गेला! २०१४ साली तो हातात घेताना मेस्सीचा चेहरा आठवतोय ना?

आपल्या धाराशिवच्या (तेव्हाच्या उस्मानाबादच्या) सारिका काळेचं वेगळं. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली मुलींनी खो-खोचं सुवर्ण आणलं. आधी संघाचं पदक, मग २०२० साली तिचा एकटीचा अर्जुन पुरस्कार. खो-खोला तो तब्बल २२ वर्षांनी मिळत होता!

तसा खो-खोत एकटीला मान देणं अवघडच. गडी बाद करणारीला टाळ्या मिळतात. पण तिला नेमक्या क्षणी खो देऊन स्वतः खाली बसलेली असते दुसरीच.