उपाध्ये आडनाव : उगम, अर्थ आणि उत्तरदायित्व

दक्षिण महाराष्ट्रात व त्यास लागून असलेल्या उत्तर कर्नाटकात जैन समाजाची गावे पुष्कळ आहेत. या गावांतून पाटील, चौगुले, मगदूम ही आडनावे घरोघरी आढळतात. त्यांच्या मानाने 'उपाध्ये' हे आडनाव विरळ आहे. याचे कारण उघड आहे. गावात एखादे जिनमंदिर असले, तर त्याच्या नित्यपूजेसाठी एक-दोन घराणी पुरेशी होतात. त्यामुळे हे आडनाव अनेक गावांत पोहोचले, पण बहुधा एका गावी एक-दोन घरांपुरतेच राहिले. पाटील, चौगुले ही नावे गावकीच्या अधिकारातून आली, तर उपाध्ये हे नाव विद्येच्या अधिकारातून आले. म्हणूनच त्याचा इतिहास जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

'उपाध्ये' हे मूळ संस्कृत 'उपाध्याय' शब्दाचे मराठी रूप होय. उप, अधि आणि 'इ' हा धातू मिळून हा शब्द सिद्ध होतो. ज्यांच्या जवळ जाऊन अध्ययन करावे, ते उपाध्याय, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मराठीत त्याचे 'उपाध्या' झाले आणि आदरार्थी बहुवचनाने 'उपाध्ये'. आद्य स्वर गळून झालेले 'पाध्ये' हे त्याचेच भावंड. कोकणातील ब्राह्मण समाजातही ही आडनावे आहेत. तेव्हा उपाध्ये म्हणजे जैनच, असे समजण्याचे कारण नाही.

प्राकृतात याच शब्दाचे 'उवज्झाय' असे रूप झाले. 'दीप' शब्दातील 'प'चा 'व' होऊन आपला 'दिवा' झाला आणि 'संध्या' शब्दातील 'ध्य'चा 'झ' होऊन 'सांज' झाली. तोच नियम येथेही लागू पडतो. पुढे उत्तर भारतात या प्राकृत रूपापासून 'ओझा' आणि 'झा' ही आडनावे निर्माण झाली. बौद्ध भिक्षूंबरोबर हा शब्द मध्य आशियामार्गे पूर्वेकडे गेला. चिनी भाषेतील 'होशांग' आणि जपानीतील 'ओशो' ही धर्मगुरूंची संबोधने त्यापासूनच आली, असे अभ्यासक मानतात. गंमत अशी, की मिथिलेतील ब्राह्मण घराण्यांनी आपल्या आडनावात प्राकृत रूप जपले, तर ज्यांचे आगम प्राकृतात आहेत त्या जैनांनी संस्कृताला जवळचे रूप स्वीकारले.

जैन परंपरेत या शब्दास जे स्थान आहे, ते अन्यत्र क्वचितच असेल. पंचपरमेष्ठींमध्ये अरिहंत, सिद्ध आणि आचार्य यांच्यानंतर उपाध्याय परमेष्ठींना वंदन केले जाते. आचार्य संघाचे अनुशासन करतात आणि दीक्षा देतात. उपाध्याय स्वतः अध्ययन करतात आणि इतरांना अध्ययन करवितात. दिगंबर परंपरेत त्यांचे पंचवीस मूलगुण सांगितले आहेत. अकरा अंगे आणि चौदा पूर्वे यांचे ज्ञान मिळून ही संख्या होते. म्हणजे उपाध्यायांच्या गुणांची गणतीच मुळी शास्त्रज्ञानाने केलेली आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवप्रसंगी, १९७४-७५ मध्ये, सर्व पंथांनी पंचरंगी ध्वज मान्य केला. त्यातील हिरवा पट्टा उपाध्याय परमेष्ठींचा आहे. सतराव्या शतकातील श्वेतांबर विद्वान यशोविजयजी तर 'उपाध्यायजी' या एका शब्दानेच ओळखले जातात.

परमेष्ठी उपाध्याय हे गृहत्यागी मुनी होत. आपल्याकडील उपाध्ये मात्र गृहस्थ आहेत. अभिषेक, पूजा, विधान, पंचकल्याणक प्रतिष्ठा, विवाहादी संस्कार ही कार्ये दक्षिणेत त्यांच्याकडे आली. मुनींचा विहार विरळ झाला होता, त्या काळात भट्टारक पीठे आणि गावोगावचे उपाध्ये यांच्यामुळेच येथील धर्माचार टिकून राहिला, हे विसरता येणार नाही. विद्येचा हा व्यवसाय पुढे वंशपरंपरेने चालू लागला आणि पदाचे आडनाव झाले. समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास सांगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या जैन समाजाच्या सर्वेक्षणात दक्षिणेतील दिगंबर जैनांमध्ये उपाध्ये हा स्वतंत्र गट नोंदविला आहे.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. अध्ययनाने मिळणारे पद जन्माने मिळू लागले, म्हणजे त्यातील अध्ययनाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर उपाध्ये नावाच्या दोन व्यक्तींच्या कार्यातून मिळते.

पहिले मिरजेचे गजपती उपाध्ये. आचार्य पुष्पदंत आणि भूतबली यांचा षट्खंडागम व त्यावरील वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातील 'धवला' टीका यांच्या ताडपत्र प्रती मूडबिद्री येथे शतकानुशतके जतन केल्या होत्या. भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे, वाचन कोणी करीत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यांच्या प्रयत्नाने १८९६ च्या सुमारास प्रतिलेखनास आरंभ झाला. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्ये यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. ब्रह्मसूरींच्या निधनानंतर गजपतींनी ते अनेक वर्षे चालविले. मात्र प्रती मूडबिद्रीबाहेर नेण्यास तेथील पंचांची अनुमती नव्हती. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने कानडी लिपीत एक प्रत गुप्तपणे तयार केली. पुढे मोबदला घेऊन ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांना दिली. तेथे तिची नागरी प्रत झाली आणि त्यातून इतरत्र प्रती गेल्या.

हे कृत्य योग्य की अयोग्य, याविषयी तेव्हाही मतभेद होते. शब्द मोडून मोबदला घेणे कोणासही प्रशस्त वाटणार नाही. तथापि, शास्त्र पेटीत बंद ठेवणे हा देखील श्रुताचा विनय नव्हे. पती-पत्नीच्या त्या लेखणीवाचून पुढील प्रकाशन केव्हा झाले असते, हे सांगणे कठीण आहे. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि पुढील दोन दशकांत १६ खंड पूर्ण झाले. आरंभीचे खंड पाहून मूडबिद्रीच्या भट्टारकांनी व पंचांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास सहकार्य दिले. बंद दार अशा रीतीने आतूनच उघडले.

याच धवलेच्या संशोधनात साहाय्य करणाऱ्या विद्वानांत दुसरे उपाध्ये होते, डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सदलगा येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी तीन दशके अर्धमागधीचे अध्यापन केले. कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' (१९३५), योगींदुदेवांचा 'परमात्मप्रकाश' (१९३७), हरिषेणांचा 'बृहत्कथाकोश' (१९४३) अशा ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून डॉ. हिरालाल जैन यांच्यासमवेत 'तिलोयपण्णत्ति' संपादित केली. दिगंबर, श्वेतांबर असा भेद त्यांच्या टेबलावर नव्हता. उद्योतनसूरींची 'कुवलयमाला' त्यांनी तितक्याच आस्थेने सिद्ध केली. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी मंदिरात पौरोहित्य केले नाही, परंतु अध्ययन आणि अध्यापन हा उपाध्यायांचा मूळ धर्म आयुष्यभर पाळला.

या दोन चरित्रांवरून एवढे निश्चित दिसते, की आडनाव वारशाने मिळते, त्याचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावा लागतो. हे केवळ उपाध्ये घराण्यांनाच लागू आहे असे नव्हे. उपाध्याय परमेष्ठींना आपण सारेच नित्य वंदन करतो, पण 'उवज्झाय' शब्दाचा अर्थ आपल्या घरातील किती मुलांना सांगता येईल? प्राकृत शिकणारे विद्यार्थी मोजके, पाठशाळेत येणारी मुले त्याहून थोडी अधिक आणि मंदिराच्या कपाटातील हस्तलिखितांना कसर लागलेली, हे चित्र अनेक ठिकाणी दिसते.

सुवर्णमहोत्सव हा जसा कृतज्ञतेचा, तसा हिशेबाचाही प्रसंग असतो. आपल्या मंदिरातील जुन्या पोथ्यांची सूची करणे, वडीलधाऱ्या उपाध्ये मंडळींना मुखोद्गत असलेले पूजापाठ व विधी लिहून घेणे, आणि पाठशाळेत आठवड्यातून एक तास प्राकृतासाठी राखून ठेवणे, ही तीन कामे कोणत्याही संस्थेला करता येण्यासारखी आहेत. ज्यांच्या जवळ जाऊन शिकावे अशी माणसे समाजात असतील, तोवरच 'उपाध्ये' या नावाला अर्थ राहील.