अस्वल आणि कमरेचें पिस्तूल

अस्वल अंगावर आलें तर कमरेला कोणतें पिस्तूल असावें, हा प्रश्न शहरांत बसून ऐकणाऱ्या श्रोत्यांना केवळ करमणुकीचा वाटेल. परंतु वैनगंगेच्या पूर्वेकडील रानांत तो बरींच वर्षें गंभीरपणें विचारला गेला. आणि त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे हत्याराइतकीच त्या मुलखाचीहि हकीकत हातीं येते.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या पोटांत नागझिऱ्याचें अभयारण्य व नवेगांवबांधाचा विस्तीर्ण तलाव आहे, आणि सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगांव या बाजूंना मोह, तेंदू, साग व बांबू यांचीं रानें पसरलेलीं आहेत. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला, आणि पाहणी, बंदोबस्त व जंगलखातें यांच्या निमित्तानें इंग्रज अंमलदार तंबू ठोकून या सातपुडा-वैनगंगा भागांत हिंडूं लागले. त्यांतील पुष्कळांना शिकारीचा नाद होता व कांहींना लेखणीचाहि. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरील ग्रंथ १८७१ सालीं, म्हणजे ग्रंथकर्त्याच्या मृत्यूच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. याच गृहस्थांनीं पूर्वी शिकारी रायफल व तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें होतें. शेजारच्या शिवनी जिल्ह्यांत राहिलेले स्टर्नडेल यांनीं १८७७ सालीं तेथील छावणीजीवनाचें वर्णन केलें. त्यानंतर १८९४ सालीं किपलिंगचें जंगलबुक निघालें, आणि त्यांतील बाळू नांवाचें अस्वल जगभरच्या मुलांचें गुरुजी झालें. एक शाळामास्तर या नात्यानें मला त्या बाळूचा अभिमान आहे. मात्र खऱ्या अस्वलाजवळ त्याच्याइतका धीर व वत्सलता असते, असा समज करून घेऊन कोणीं रानांत जाऊं नये.

आपल्या रानांतील अस्वल हें हिमालयांतील किंवा अमेरिकेंतील अस्वलाहून निराळें. १७९१ सालीं त्याला शास्त्रीय नांव देणाऱ्या शॉ नामक इंग्रज पंडितानें, त्याचीं लांब नखें व दांतांची ठेवण पाहून, त्याची गणना दक्षिण अमेरिकेंतील झाडाला लोंबकळणाऱ्या एका मंदगति प्राण्याच्या वर्गांत केली. आणि इंग्रजींतलें त्याचें ‘आळशी अस्वल’ हें नांव तेव्हांपासून आजतागायत टिकून राहिलें. त्याच्या वरच्या जबड्यांतील पुढचे दोन दांत नसतात. त्या फटींतून तें वारुळांतील वाळवी श्वासाच्या जोरानें ओढून घेतें, आणि त्या वेळीं होणारा घरघर आवाज बऱ्याच अंतरावरून ऐकूं येतो. नराचें वजन शंभर-सव्वाशे किलोपर्यंत सहज जातें. मादी पिलांना पाठीवर बसवून नेते. दृष्टि मंद, कानहि फारसे तीक्ष्ण नाहींत, नाक मात्र उत्तम. यामुळें खाण्यांत गढलेल्या अस्वलाला माणूस अगदीं जवळ येईपर्यंत पत्ता लागत नाहीं; आणि लागला म्हणजे तें बहुधा पळून जातें, पण पुष्कळदां दचकून सरळ अंगावर येतें. मागल्या पायांवर उभें राहून तें तोंडावर व डोक्यावर पंजे मारतें. वाघाला ज्याच्या त्याच्या वाटेस जाण्याची संवय असते. अस्वलाचें तसें नाहीं. म्हणूनच या रानांतील माणूस वाघाचें नांव आदरानें घेतो आणि अस्वलाला भितो.

आतां हत्याराकडे वळूं. हत्तीवरून शिकार करणाऱ्या साहेबांजवळ ‘हौद्याचें पिस्तूल’ असे. वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून हौद्याशीं आला म्हणजे लांब बंदूक फिरवण्यास जागा उरत नाहीं; त्या एका क्षणासाठीं जाड तोंडाचें, दोन नळ्यांचें हें आंखूड हत्यार केलेलें होतें. पहिलीं पिस्तुलें तर मोठ्या बंदुकीच्या नळ्या कापूनच बनविलेलीं होतीं. १८८० नंतर लंडनच्या लँकेस्टर कंपनीनें चार नळ्यांचें पिस्तूल काढलें. १८५७ च्या धामधुमींत कोल्टची लहान गोळी बरी कीं ॲडॅम्सची मोठी, असा वाद इंग्रज अंमलदारांत माजलाच होता. पुढें १८८७ सालीं ब्रिटिश सैन्यानें वेब्ली कंपनीचें ०.४५५ चें सहाबारी रिव्हॉल्व्हर स्वीकारलें, आणि तेव्हांपासून पोलीस, जंगलखातें व रेल्वे यांच्या साहेबांच्या कमरेला तेंच दिसूं लागलें.

हें रिव्हॉल्व्हर अस्वलाला पुरें पडे काय? थोडा हिशेब करूं. तोळ्यांतच करूं, म्हणजे घरांतील वडील माणसांनाहि तो पटेल. वेब्लीची गोळी सुमारें दीड तोळा वजनाची, आणि वेग सेकंदाला सहाशे फुटांच्या आसपास. उलट ‘बारा बोर’ म्हणजे अर्थ असा कीं, एक पौंड शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्या नळींत बरोबर बसेल ती बंदूक. ही गोळी तीन तोळ्यांच्या घरांत जाते व दुपटीच्या वेगानें सुटते. आघाताची शक्ति वजनाच्या पटीनें व वेगाच्या वर्गाच्या पटीनें वाढत असल्यामुळें, बंदुकीचा तडाखा रिव्हॉल्व्हरच्या आठपटींहून अधिक भरतो. त्यांतून अस्वलाचे केंस खांद्यांवर व मानेवर इतके दाट व लांब असतात कीं, देह नेमका कोठें आहे हेंच कळत नाहीं. नेम धरण्याजोगें स्पष्ट असें छातीवरील पांढुरकें खुणेचें चिन्ह तेवढें, आणि तेंहि अस्वल उभें राहील तेव्हांच दिसणार. वीस पावलांचें अंतर तें दोन-अडीच सेकंदांत तोडतें. एवढ्या वेळांत कमरेचें हत्यार काढून, रोखून, घोडा ओढणें आणि हात न कांपणें, हें सांगण्याइतकें सोपें नाहीं. माझ्या मतें त्या काळच्या साहेबाचें खरें संरक्षण दुनळी बंदूक हेंच होतें, आणि त्याहून खरें म्हणजे शेजारीं उभा असलेला गोंड वाटाड्या. अस्वल कोठल्या वारुळाशीं आहे आणि वारा कोणीकडून वाहतो, हें साहेबाला तो सांगे. पुस्तकांत पिस्तुलाच्या कारखान्याचें नांव आढळतें. वाटाड्याचें नांव क्वचितच.

त्या वाटाड्याच्या हातीं काय होतें? कुऱ्हाड. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यान्वयें हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नसे. युरोपियनांना आरंभीं त्या परवान्यांतून सूट होती. गांवच्या मालगुजाराजवळ परवान्याची एकादी ठासणीची बंदूक असावयाची, आणि ती पिकांत रानडुकरें शिरलीं किंवा पाहुणे साहेब आले म्हणजे बाहेर निघावयाची. मोह वेंचणाऱ्या बाईजवळ टोपली, आणि लाकूड तोडणाऱ्याजवळ कुऱ्हाड. अस्वलाशीं गांठ पडण्याचा प्रसंग मात्र साहेबापेक्षां या दोघांवरच शतपटीनें अधिक येत असे. पिस्तूल कोणतें घ्यावें हा प्रश्न त्यांना कोणीं कधीं विचारला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ सालीं नवा हत्यारांचा कायदा झाला. त्यांत पिकांच्या रक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र सोय ठेवली आहे. रिव्हॉल्व्हरची तशी नाहीं. ०.४५५ व ०.३८ हीं मापें सैन्याचीं म्हणून सामान्य परवानेदारास निषिद्ध ठरलीं. आज या देशांत सर्वसाधारण नागरिकास परवान्यानें मिळणारें रिव्हॉल्व्हर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचें ०.३२ चें; त्याची गोळी जेमतेम अर्ध्या तोळ्याहून किंचित् अधिक भरते. जी दीड तोळ्याची गोळी अस्वलाला अपुरी, तिच्या तिसऱ्या हिश्श्यानें काय व्हावयाचें! जखमी झालेलें अस्वल न दुखावलेल्या अस्वलाहून कितीतरी वाईट, हें रानांतलें पोरहि जाणतें.

आणि शिकारीचा प्रश्न तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेंच निकालांत काढला. अस्वल आज त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहे. जीव वांचविण्यासाठीं सद्भावनेनें केलेला वार गुन्हा ठरत नाहीं. परंतु त्या वेळीं वार करणाराच कायदा मोडीत असेल तर ही सवलत त्याला लागू नाहीं. शिवाय अभयारण्यांत परवानगीवांचून हत्यार नेणें हाच मुळीं अपराध आहे. नवेगांव व नागझिरा मिळून डिसेंबर २०१३ मध्यें व्याघ्रप्रकल्प झाला आहे.

अमेरिकेंत शिकार अद्याप चालू असल्यामुळें तेथें या प्रश्नाचा शास्त्रीय विचारहि झाला आहे. अलास्कांतील अस्वलांच्या हल्ल्यांचा १८८३ पासून २००९ पर्यंतचा वृत्तांत तपासून स्मिथ, हेरेरो आदि संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं, ज्यांनीं बंदूक वा पिस्तूल वापरलें आणि ज्यांनीं जवळ असूनहि वापरलें नाहीं, त्यांना झालेल्या इजांत लक्षांत घेण्याजोगा फरक नव्हता. त्यापूर्वी २००८ सालीं याच मंडळींनीं लाल मिरचीच्या अर्काचा फवारा तपासला होता. त्यानें तपकिरी अस्वलांना शंभरांतील ब्याण्णव वेळां आवरलें. अलास्काचें अस्वल निराळें आणि आपलें निराळें, ही गोष्ट खरी. तरी ज्या विदर्भांत भिवापूरची मिरची पिकते, तेथील लोकांना हा उपाय ऐकून नवल न वाटतां हंसूंच येईल.

गोंदियाच्या रानांतील माणसांचे स्वतःचे उपाय याहून जुने आहेत. एकट्यानें जाऊं नये. चालतांना बोलत रहावें, काठीनें झुडपें बडवावीं. वारुळाजवळ व दगडांच्या कपारींजवळ वांकून काम करूं नये. खरी अडचण मोहाची आहे. फुलें चैत्रांत पहांटेच्या सुमारास गळतात, अस्वलाला तीं माणसाइतकींच प्रिय, आणि दोघेंहि त्याच झाडाखालीं येतात. उजाडल्यावर गेलें तर भय कमी. पण तोंवर गुरें, हरणें आणि शेजारचीं माणसें झाडाखालची जमीन साफ करून गेलेलीं असतात. मे महिन्यांत विडीसाठीं तेंदूचीं पानें तोडावयाचीं असतात, तेव्हांहि तीच घाई. म्हणून जिच्या घरीं वर्षाचें मीठमिरची याच दोन महिन्यांच्या कमाईवर यावयाचें, ती बाई अंधारांतच टोपली उचलते, आणि झाडाजवळ पोंचण्यापूर्वी दोनदां मोठ्यानें खोंकते.