काढून टाकणें आणि पूर्ववत् करणें

बिऱ्हाडकरूनें घर सोडतांना आपलें सामान हलविलें, एवढ्यानें घर पूर्ववत् होत नाहीं. त्यानें बदललेलीं कुलुपें मागें राहतातच. संगणकावर बसविल्या जाणाऱ्या तयार सॉफ्टवेअरचा इतिहास असाच आहे.

मायक्रोसॉफ्टची विंडोज ३.१ ही प्रणाली १९९२ सालीं निघाली. तिच्या मांडणीच्या नोंदी साध्या मजकुराच्या फायलींत असत. नवें सॉफ्टवेअर आलें, कीं तें त्या फायलींत आपल्या ओळी घाली. तें काढावयाची वेळ आली, कीं मूळच्या ओळी कोणत्या होत्या हें सांगावयास कोणी उरत नसे. १९९५ सालच्या विंडोज ९५ नें या नोंदी मुख्यत्वें ‘रजिस्ट्री’ नामक कोशांत नेल्या आणि सॉफ्टवेअर काढण्याची सोय कंट्रोल पॅनेलमध्यें एके ठिकाणीं आणली. परंतु प्रत्यक्ष काढण्याचें काम त्या त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्यावरच सोपविलेलें राहिलें. १९९९ सालीं आलेल्या विंडोज इन्स्टॉलरनें, बसविण्याचें काम अर्ध्यावर फसल्यास झालेले फेरफार उलटविण्याची व्यवस्था केली. पुढील वर्षीं विंडोज मीमध्यें पूर्वस्थिति आधींच टिपून ठेवणारी ‘सिस्टिम रिस्टोर’ ही सोय आली.

तरीही २००५ सालीं जें घडलें तें उद्बोधक आहे. सोनी बीएमजी कंपनीच्या कांहीं गाण्यांच्या सीडींबरोबर, नक्कल रोखणारें सॉफ्टवेअर संगणकांत शिरून लपून बसत असे. मार्क रुसिनोविच यांनीं ३१ ऑक्टोबर रोजीं तें उघडकीस आणलें. त्यांनीं त्याच्या फायली हातानें काढल्या, तों सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला! त्या सॉफ्टवेअरनें ड्राइव्हच्या वाटेवर आपला पहारेकरी उभा केला होता. पहारेकरी गेला, परंतु ‘प्रथम त्यास विचारा’ ही रजिस्ट्रींतील आज्ञा तशीच राहिली. ती नोंद पुसल्यावरच ड्राइव्ह परत आला. कंपनीनें पुढें वेबवरून काढण्याचें साधन दिलें. पण त्यानें परक्यास संगणकांत शिरण्याची नवीच वाट उघडी पडते, असें संशोधकांना आढळलें.

तात्पर्य, पूर्ववत् करण्याचें कर्तव्य जातांना सुरू होत नाहीं. पहिला बदल करण्यापूर्वीं मूळचें काय होतें, तें लिहून ठेवावें लागतें. येतांना ज्यानें नोंद केली नाहीं, त्याला जातांना कांहींच परत करितां येत नाहीं. आणि त्याची किंमत घरधन्यास मोजावी लागते.