पालेर्मो : अरब-नॉर्मन वास्तुवारसा आणि सहजीवनाचा प्रश्न

प्रास्ताविक :

भूमध्य समुद्राच्या मध्यभागी असलेल्या सिसिली बेटाची राजधानी पालेर्मो हे शहर फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसविले. ‘सारे बंदरच’ अशा अर्थाचे ‘पानोर्मोस’ हे नाव त्याला ग्रीकांनी दिले. इ. स. पू. २५४ मध्ये ते रोमन सत्तेखाली गेले, इ. स. ८३१ मध्ये अरबांनी आणि १०७२ मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी ते जिंकले. युनेस्कोने २०१५ मध्ये येथील सात आणि चेफालू व मोन्रिआले येथील प्रत्येकी एक अशा नऊ वास्तूंचा समावेश ‘अरब-नॉर्मन’ या नावाने जागतिक वारसा यादीत केला. तेव्हापासून बाराव्या शतकातील पालेर्मो म्हणजे धार्मिक सहिष्णुतेचा आदर्श, हे मत अधिकच रूढ झाले आहे. या वास्तू स्वतः काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राजवाड्यातील प्रार्थनामंदिर :

राजवाड्यातील ‘कापेला पालातिना’ हे प्रार्थनामंदिर दुसऱ्या रॉजर राजाने बांधविले. त्याला ११४० मध्ये सनद मिळाली. घुमटात बायझंटाइन कारागिरांनी सोनेरी काचतुकड्यांत घडविलेला ख्रिस्त असून त्याभोवती ग्रीक लेख आहे. मुख्य दालनाचे छत मात्र पूर्णतः इस्लामी परंपरेतील आहे. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या या लाकडी रचनेस ‘मुकर्नस’ म्हणतात. तिच्या कप्प्याकप्प्यांत वादक, नर्तकी, बुद्धिबळ खेळणारे आणि हाती मद्याचा प्याला घेतलेले दरबारी रंगविलेले असून कडेने कूफी लिपीत राजाला आशीर्वचने लिहिली आहेत. ख्रिस्ती उपासनास्थळाच्या छतावर मद्यपानाची चित्रे असावीत, याचे आजच्या अभ्यासकालाही नवल वाटते.

हा संगम सहिष्णुतेतून आला की सत्तेच्या गरजेतून? रॉजरचा राज्याभिषेक ११३० च्या नाताळात झाला, तोही ज्याच्या पोपपदालाच आव्हान मिळाले होते अशा दुसऱ्या अनाक्लेटसच्या पाठिंब्यावर. नव्या आणि वादग्रस्त राजपदाला प्रतिष्ठा हवी होती आणि ती त्या काळी कॉन्स्टँटिनोपल व कैरो येथील दरबारांच्या थाटात मिळत होती. जवळच्या मार्तोराना चर्चमधील चित्रात रॉजरला मुकुट घालतो तो पोप नव्हे, तर साक्षात ख्रिस्त. राजाचे लॅटिन नाव तेथे ग्रीक अक्षरांत कोरले आहे. रॉजरचे अरबी दफ्तर हे आधीच्या अमिरांच्या कारभाराचा नुसता वारसा नसून समकालीन फातिमी इजिप्तच्या धर्तीवर नव्याने उभारले गेले, असे जेरेमी जॉन्स यांनी दाखवून दिले आहे. हे प्रतिपादन पटण्याजोगे आहे. अरबी भाषा व कला येथे राजवैभवाची चिन्हे होती. त्यावरून सामान्य मुसलमान प्रजेची स्थिती सुखाची होती, असे अनुमान काढता येत नाही.

तथापि या दरबाराने केवळ देखावा केला, असे म्हणणेही अन्यायाचे ठरेल. याच दरबारात अल्-इद्रिसी या अरब भूगोलज्ञाने रॉजरसाठी चांदीच्या तबकडीवर जगाचा नकाशा करविला आणि ११५४ मध्ये त्याचे वर्णन करणारा ग्रंथ पूर्ण केला. मराठी वाचकाला विशेष कुतूहल वाटावे असे म्हणजे, या ग्रंथात ठाणे, सोपारा आणि सैमूर म्हणजे चौल या कोकणातील बंदरांची वर्णने आहेत. अल्-इद्रिसी स्वतः कोकणात आला नव्हता. आधीचे ग्रंथ आणि प्रवाशांची कथने हाच त्याचा आधार. तरीही शिलाहारांच्या कोकणाची वार्ता पालेर्मोच्या राजसभेत नोंदली गेली, ही लहान गोष्ट नव्हे.

दरबाराबाहेरचा एकच पुरावा निवडायचा झाल्यास तो ११४९ चा एक स्मृतिशिलालेख होय. ग्रिझांदुस नावाच्या ख्रिस्ती धर्मगुरूने आपली आई आन्ना हिच्यासाठी तो कोरविला. मजकूर लॅटिन, ग्रीक आणि अरबी भाषांत असून अरबी मजकूर हिब्रू लिपीतही दिला आहे. कालगणनाही त्या त्या समाजाची आहे. आज हा शिलालेख झिसा राजवाड्यात पाहावयास मिळतो. मातृशोक चार लिप्यांत मांडावासा वाटला, यातून या शहराविषयी एखाद्या राजाज्ञेपेक्षा अधिक कळते. अर्थात ग्रिझांदुसही राजाश्रयातलाच माणूस होता, हे विसरता येत नाही.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी, ११६१ मध्ये, पहिल्या विल्यमविरुद्धच्या बंडात पालेर्मोतील मुसलमानांची कत्तल झाली. दुसऱ्या विल्यमच्या मृत्यूनंतर ११८९ मध्ये पुन्हा हल्ले झाले आणि अनेकांनी डोंगरांचा आश्रय घेतला. तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकने सिसिलीतील मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे नेऊन वसविले. १३०० मध्ये ती वसाहतही मोडण्यात आली. १४९२ च्या स्पॅनिश आज्ञेने ज्यूही गेले. छत टिकले, पण त्यावरील लिपी वाचणारे उरले नाहीत. हा विसरलेला इतिहास पुन्हा उभा केला तो पालेर्मोतच जन्मलेल्या मिकेले आमारी यांनी. सिसिलीतील मुसलमानांच्या इतिहासाचे त्यांचे खंड १८५४ ते १८७२ या काळात प्रसिद्ध झाले.

आजचे शहर :

शब्दांत मात्र पुष्कळ काही शिल्लक आहे. ‘कास्सारो’ हे जुन्या हमरस्त्याचे नाव ‘अल्-कस्र’ म्हणजे किल्ला यावरून, तर ‘झिसा’ हे ‘अल्-अझीझ’ यावरून आले. झिसाच्या तळदालनातील कारंज्याचे पाणी पाटातून समोरच्या तलावात जाई आणि समुद्रावरून येणारा वारा गार करी. जमिनीखालून पाणी आणणारे ‘कनात’ शहराखाली अजून आहेत. याउलट, सान जोव्हान्नी देल्यी एरेमीती या चर्चच्या घुमटांचा लाल रंग पर्यटक अरबी समजतात. तो वस्तुतः एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळचा आहे. जुन्या ज्यू वस्तीतील रस्त्यांच्या पाट्यांवर आता इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीनही लिप्या दिसतात.

लोकपरंपरांपैकी संत रोझालियाचा जुलैमधील उत्सव सर्वांत मोठा. १६२४ च्या प्लेगमध्ये तिच्या अस्थी पेल्लेग्रीनो डोंगरावर सापडल्या, अशी श्रद्धा आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून उद्बोधक आहे तो ‘ओपेरा देई पूपी’ हा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ, ज्याला युनेस्कोने २००१ मध्ये मौखिक वारशाचा दर्जा दिला. पालेर्मोच्या बाहुल्यांचे गुडघे वाकतात आणि त्या म्यानातून तलवार उपसू शकतात. कथा शार्लमेनच्या सरदारांच्या, आणि शत्रू ‘सारासेन’ म्हणजे मुसलमान. रंगमंचाच्या फळ्यांवर पाय आपटून युद्धाचा ताल धरला जातो, पत्र्याची चिलखते खणखणतात आणि सारासेनांची मुंडकी धडावेगळी होऊन पडतात. त्यासाठी काही बाहुल्या मुळातच तशा जोडणीच्या केलेल्या असतात. खेळ संपला की मुंडके पुन्हा बसवून बाहुली दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी टांगून ठेवतात.